शाळेतली सत्रापुरती नोकरी आणि युनिव्हर्सल क्रेडिट

ब्रिटनमध्ये शाळेत फक्त सत्राच्या काळात काम असेल, तर आधी पगारपत्रक पाहा. वर्षाचा पगार १२ समान हप्त्यांत मिळत असेल, तर ऑगस्टमध्ये काम नसलं तरी युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या लोकांना दरमहा मिळणारी सरकारी मदत) वाढत नाही. तिथे कामाचे तास मोजत नाहीत, त्या महिन्यात हातात आलेला पगार मोजतात.

तासावर पैसे मिळत असतील तर गणित वेगळं. पगार ४०० पौंडांनी घटला, तर मदत साधारण २२० पौंडांनी वाढते, कारण कमाईच्या प्रत्येक पौंडामागे मदतीत ५५ पेन्सची कपात होते. म्हणजे उरलेली तूट जूनपासूनच बाजूला काढायला हवी.

खरा घोळ डिसेंबरात होतो. नाताळाआधी पगार लवकर झाला, की एकाच मूल्यांकन-महिन्यात (ज्या महिन्याच्या कमाईवर मदत ठरते तो) दोन पगार दिसतात आणि मदत एकदम घसरते. पगार मासिक असेल, तर युनिव्हर्सल क्रेडिटच्या खात्यातल्या ऑनलाइन जर्नलमध्ये (तिथे निरोप लिहिता येतात) नेहमीची पगाराची तारीख लिहून एक पगार दुसऱ्या महिन्यात धरायला सांगा. दर चार आठवड्यांनी पगार होणाऱ्यांना ही सोय नाही. वर्षातून एकदा दोन पगार एकत्र येणारच.

पाळणाघराच्या खर्चाचा काही भाग याच मदतीतून मिळू शकतो, म्हणून सुट्टीतल्या पाळणाघराची पावती मात्र खात्यावर लगेच चढवा.