भट्टीचं तापमान स्काडापर्यंत: ओपीसी यूए सर्व्हर कोडमधून कसा उभा करावा

भोसरी-चाकणच्या बऱ्याच शॉपमध्ये पॅनेलवरचा कंट्रोलर भट्टीचं तापमान दाखवतो, ऑपरेटर ते तासातासाला वहीत उतरवतो, आणि ऑफिसातल्या स्काडाला (मशीनचे आकडे गोळा करून पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्याचा पत्ताच नसतो. मधे एक छोटा पीसी बसवून त्यावर ओपीसी यूए (वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीन आणि सॉफ्टवेअरना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ठरवलेली पद्धत) सर्व्हर चालवला की हे जुळतं. जुनं ओपीसी डीकॉमला, म्हणजे विंडोजच्याच एका तंत्राला, बांधलेलं होतं. यूए लिनक्सवरही चालतं, आणि आयईसी 62541 या नावाने ते आंतरराष्ट्रीय मानकही आहे. इथे पायथन आणि असिंकयूए ही मोफत लायब्ररी धरली आहे. कोडमधली नावं वाचायला देवनागरीत दिली आहेत, फाइलमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये.

आधी कागदावर तीन गोष्टी ठरवा: सर्व्हरचा पत्ता, टॅगची (सर्व्हरवरच्या एकेका आकड्याची, जसं तापमान) नावं, आणि कोणाला फक्त वाचू द्यायचं, कोणाला लिहू द्यायचं. सर्व्हर सुरू करणं चार-पाच ओळींचं काम आहे. पण स्काडावाल्याने स्क्रीन आणि रिपोर्ट बांधून झाल्यावर टॅगचं नाव बदलायला गेलात, तर तो तुम्हाला सोडणार नाही.

आता कोड. सर्व्हर ऑब्जेक्ट तयार करा आणि लगेच 'इनिट' बोलवा, त्याच्यापुढे 'अवेट' हवंच. मग 'सेट एंडपॉइंट'ने पत्ता द्या; एंडपॉइंट म्हणजे क्लायंट (स्काडासारखा जोडणारा प्रोग्राम) जिथे येऊन जोडतो ते दार. ओपीसी यूएचा ठरलेला पोर्ट 4840. उदाहरणांत बहुतेक ठिकाणी 0.0.0.0 दिसतं, म्हणजे पीसीच्या सगळ्या नेटवर्क कार्डांवर ऐक. एक कार्ड मशीनकडे आणि एक ऑफिसकडे असेल तर ऑफिसकडच्या कार्डाला स्थिर आयपी देऊन तोच लिहावा. फायरवॉलमध्येही हाच पोर्ट उघडा. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवण्याचं साधन) वापरणाऱ्यांनी जरा जपून: क्लायंट आधी एंडपॉइंटची यादी मागतो, आणि त्या यादीत कंटेनरचा आतला पत्ता गेला की क्लायंट भलत्याच दारावर जाऊन उभा राहतो.

पुढे 'रजिस्टर नेमस्पेस'ला स्वतःचा यूआरआय (वेबपत्त्यासारखं दिसणारं एकमेव नाव) द्या; नेमस्पेस म्हणजे तुमच्या टॅगच्या नावांचा वेगळा गट, आणि प्रत्येक गटाला क्रमांक मिळतो. 0 आणि 1 हे क्रमांक आधीच गेलेले असतात, तुमचा सहसा 2 येतो. पण क्लायंटने त्या 2 वर विसंबू नये, यूआरआयवरून क्रमांक शोधावा. मग 'ऑब्जेक्ट्स'खाली 'भट्टी-1' आणि तिच्याखाली 'तापमान' हा व्हेरिएबल जोडा. सुरुवातीची किंमत 0 नव्हे, 0.0 लिहा. लायब्ररी त्या किमतीवरून टॅगचा प्रकार ठरवते. 0 लिहिलंत तर टॅग पूर्णांकाचा होतो, आणि नंतर 852.4 लिहायला गेलं की 'बॅड टाइप मिसमॅच' येतो. कंट्रोलर मॉडबसवर (कंट्रोलरशी बोलायच्या जुन्या पद्धतीने) 8524 पाठवत असेल तर दहाने भागायचं काम इथेच उरका, स्काडावर ढकलू नका. 'सेट रायटेबल' (बाहेरून लिहायची परवानगी) फक्त सेटपॉइंटला, म्हणजे भट्टीने गाठायच्या तापमानाला, तेही खरंच बाहेरून बदलायचा असेल तरच.

सर्टिफिकेट (सर्व्हरच्या ओळखपत्राची फाइल) न देता सुरू केलेला सर्व्हर कोणालाही, नाव न विचारता, आत घेतो. टेबलावर चाचणीपुरतं ठीक आहे. शॉपमध्ये 'बेसिक256शा256' ही सुरक्षा पद्धत आणि 'साइन अँड एन्क्रिप्ट' (संदेशावर सही आणि कुलूप, दोन्ही) लावा, सर्टिफिकेट आणि खाजगी की लोड करा. सर्टिफिकेटमधला ॲप्लिकेशन यूआरआय आणि कोडमधला यूआरआय अक्षरशः एकच हवा. हे सगळं सर्व्हर सुरू होण्याआधी.

'असिंक विथ सर्व्हर' लिहिलं की सर्व्हर चालू. आतल्या लूपमध्ये दर सेकंदाला कंट्रोलर वाचा आणि 'राइट व्हॅल्यू' करा. थांबायला नेहमीचा 'टाइम स्लीप' नको, 'असिंकआयओ स्लीप'च घ्या, नाहीतर तेवढा वेळ सगळा सर्व्हर गोठतो. आणि मॉडबसची वायर निघाली तर? शेवटचा आकडा तसाच ठेवू नका. टॅगवर 'बॅड नो कम्युनिकेशन' हा स्टेटस लिहा. भट्टी थंड पडत असताना 850 दाखवत राहणाऱ्या सर्व्हरपेक्षा बंद पडलेला सर्व्हर परवडला.

तपासायला यूएएक्स्पर्ट हा मोफत क्लायंट पुरेसा आहे, मात्र तो सर्व्हरच्याच पीसीवर नको, ऑफिसच्या पीसीवरून जोडा.

राहिलं ते वीज. गुरुवारच्या दुरुस्तीनंतर लाइट आली की सर्व्हर आपोआप उठला पाहिजे. सिस्टमडीची (लिनक्समध्ये प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या यंत्रणेची) सर्व्हिस फाइल करून त्यात 'रीस्टार्ट' पुढे 'ऑलवेज' लिहा. नेटवर्क वर येण्याआधी प्रोग्राम सुरू झाला तर स्थिर आयपी सापडत नाही आणि तो पडतो, म्हणून 'रीस्टार्ट सेक' (पुन्हा सुरू करण्याआधी थांबायचे सेकंद) 10 ठेवा. घड्याळही पाहा. बोर्डावरचा सेल संपला असेल तर पीसी जुन्या तारखेला उठतो आणि सर्टिफिकेट 'अजून लागू नाही' म्हणून नाकारलं जातं. स्काडा जोडण्याआधी एकदा पीसीची वीज मुद्दाम तोडा, परत द्या, आणि कीबोर्डला हात न लावता यूएएक्स्पर्टमध्ये टॅगचा स्टेटस 'गुड' येतो का ते बघा.