पीएच डोसिंग: कंट्रोलरचं सेटिंग बदलण्याआधी या चुका टाळा

ईटीपीवर, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावर, पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कली ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधला) नाचायला लागला की डोसिंगचे पंप चालवणाऱ्या यंत्राकडे, म्हणजे कंट्रोलरच्या सेटिंगवर, पहिला हात जातो. कोणी गेन (फरक दिसला की किती जोरात डोस द्यायचा ते) कमी करतो, कोणी सेटपॉइंट (गाठायचा पीएच) हलवतो, आणि दोन दिवसांत मूळ सेटिंग काय होतं हेच कुणाला आठवत नाही. कळकळीने सांगतो, आधी टाकीकडे जा. घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो.

पीएचची पट्टी सरळ नाही, हे विसरणं सगळ्यात महागात पडतं. हजार लिटर पाण्यात नुसतं तीव्र आम्ल आहे असं धरा. पीएच ३ वरून ४ वर आणायला साधारण ३६ ग्रॅम कॉस्टिक (कॉस्टिक सोडा, पीएच वाढवणारा) लागतो. ५ वरून ६ वर यायला अवघा ०.३६ ग्रॅम. शंभरपट फरक! ३ ला झकास चालणारा पंप ६ च्या जवळ आला की त्याचा एकेक स्ट्रोक जास्त होतो. खऱ्या सांडपाण्यात बायकार्बोनेट असलं तर हा चढ थोडा सौम्य होतो, पण स्वभाव तोच. म्हणून एकाच टाकीत २ वरून थेट ७ गाठण्याचा हट्ट नको. पहिल्या टाकीत ५ पर्यंत या, दुसरीत छोट्या पंपाने बारीक डोस द्या.

आमच्याकडे एकदा रात्रभर पीएच ५ ते १० असे झोके घेत होता. ट्रेंडच्या आलेखावर नुसते करवतीचे दात. सकाळी पाहिलं तर कॉस्टिक पडतोय एका कोपऱ्यात, पीएच मोजणारा प्रोब पार आउटलेटच्या पाइपात, आणि ढवळणीचा बेल्ट तुटलेला. प्रोबला फरक कळेपर्यंत पंप ओततच राहायचा. बेल्ट बदलला, प्रोब ढवळलेल्या पाण्यात आणला, झोके थांबले. सेटिंगला हात लावावा लागला नाही. कॉस्टिकऐवजी चुन्याचं दूध (पाण्यात कालवलेला चुना, वरची निवळी नव्हे) वापरत असाल तर आणखी सबुरी हवी, कारण चुना सावकाश विरघळतो.

आता प्रोब. स्क्रीनवर ७ दिसलं की मन निश्चिंत होतं, पण काच तडकलेला प्रोबही ७ च्या आसपासच अडकून बसतो. शंका आली की ४ च्या बफरमध्ये, म्हणजे पीएच ४ ला पक्क्या असलेल्या द्रावणात, बुडवा. आकडा हलला नाही तर प्रोब गेला. २५ अंशाला चांगला प्रोब एका पीएचमागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट देतो. कॅलिब्रेशनमध्ये स्लोप, म्हणजे या ५९ च्या तुलनेत प्रोब देतो तो आकडा, ८५ टक्क्यांखाली गेला तर नवा मागवा. चुन्याचा थर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढा, तेल साबणाच्या पाण्याने. काच फडक्याने घासू नका. डिस्टिल्ड वॉटरमध्ये प्रोब कधीच ठेवू नका, ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा.

ॲसिड आणि कॉस्टिक दोन्ही पंप ७ लाच लावले तर ते रात्रभर एकमेकांशी भांडतात आणि दोन्ही ड्रम रिकामे होतात. मध्ये मोकळी जागा सोडा: ६.५ खाली कॉस्टिक, ८.५ वर ॲसिड.

नवा कंट्रोलर बसवल्यावर पंपाची वायर काढून प्रोब ४ च्या बफरमध्ये धरा आणि कॉस्टिकच्याच रिलेचा (पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) दिवा लागतोय ना, ते बघा. दिशा उलटी राहिली तर आम्लात आम्ल पडत राहतं. पंप ठरावीक मिनिटांपेक्षा जास्त सलग चालला तर बंद होऊन अलार्म देणारा टायमर बहुतेक कंट्रोलरमध्ये असतो, पण तो ऑफच ठेवलेला सापडतो. तो आजच चालू करा.