करार संपला, भाडेकरू तसाच: घरमालकांनो, या चुका टाळा

पुण्यात धनकवडीतला माझा वन बीएचके पहिल्यांदा भाड्याने दिला तेव्हा करार रीतसर नोंदवला होता. अकरा महिने भुर्रकन गेले. कुटुंब सज्जन होतं आणि भाडं पाच तारखेच्या आत खात्यात जमा व्हायचं. "पुढच्या आठवड्यात बसून नवा करार करून टाकू," असं मी म्हणाले, तेही हो म्हणाले, आणि त्या पुढच्या आठवड्याची वाट बघता बघता सात महिने उलटले. मग मुलीची पुण्यात बदली झाली आणि मला घर हवं झालं. तेव्हा भाडेकरू म्हणाले, "काकू, आपलं तर तीन वर्षांचं बोलणं झालं होतं ना?"

मी तसं बोलले नव्हते, पण त्या सात महिन्यांचा एकही कागद माझ्याकडे नव्हता.

अशा वेळी कायदा कोणाच्या बाजूने झुकतो, हे फार थोड्या घरमालकांना ठाऊक असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी देणारा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. असा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं; ते खोटं आहे हे आपण सिद्ध करायचं. शिवाय करार न नोंदवल्याबद्दल घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

"अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे"

ही चूक अजूनही सर्रास होते. केंद्राच्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात मात्र कलम ५५ मुळे ती पळवाट उरत नाही. करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो. स्टॅम्पपेपरवर सह्या करून नोटरीचा शिक्का घेतला की झालं, असं सांगणारा एजंट तुमचे दोन-तीन हजार वाचवत नाही, तुमचं घर अडकवतो.

खर्चही काही मोठा नाही. भाडं २०,००० आणि परतीचं डिपॉझिट एक लाख धरा. अकरा महिन्यांचं भाडं २,२०,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने काल्पनिक, म्हणजे फक्त हिशेबापुरतं धरलेलं, व्याज साधारण ९,१६७. या बेरजेच्या ०.२५ टक्के, म्हणजे सहाशे रुपयांच्या आसपास स्टॅम्प ड्युटी, आणि शहरी भागात १,००० रुपये नोंदणी फी. आता हे ऑनलाइन होतं. आधारला जोडलेला अंगठा घेतला की घरबसल्या नोंदणी. करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो. त्यामुळे भाडेकरू चांगला वाटला तर २४ किंवा ३६ महिन्यांचा करा, दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहा आणि दर अकरा महिन्यांची धावपळ संपवा.

मुदत संपली आहे आणि माणसं आत आहेत: आता काय?

पहिलं, काय करू नये ते सांगते. पाणी बंद करणं, वीज तोडणं, ते गावाला गेले असताना कुलूप बदलणं यातलं काहीही करू नका. त्या क्षणी तक्रारदार ते होतात आणि पोलीस ठाण्यात उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात.

करार नोंदणीकृत असेल तर राहण्यासाठी दिलेल्या जागेला याच कायद्यातल्या कलम २४ चा आधार आहे. मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. भाडेकरूला समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत आपलं म्हणणं मांडण्याची परवानगी मागावी लागते. लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो, आणि मुदतीनंतर जागा अडवून धरल्याबद्दल ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. दुकानाच्या गाळ्याला ही वाट नाही, हे गाळे भाड्याने देणाऱ्यांनी आधीच ध्यानात ठेवावं.

तिथपर्यंत जाण्याआधी मी जे केलं ते करून बघा. शेजारच्या एका वडीलधाऱ्यांना घेऊन मी भाडेकरूंकडे गेले आणि तीन महिन्यांचा नवा करार पुढे ठेवला. मुलांच्या परीक्षा होईपर्यंत राहा, नंतर घर द्या, इतकंच. नोंदणीचा सगळा खर्च मी केला. त्यांनाही नवं घर शोधायला वेळ हवा होता. ते तयार झाले आणि शेवटच्या दिवशी किल्ली हातात दिली. थोडं उशिरा मिळालं, पण हातात पुन्हा तारीख असलेला कागद होता. मुदत उलटल्यावर काही न लिहिता नेहमीसारखं भाडं घेत राहिलात तर तुमचीच बाजू पातळ होते. बोलणी चालू असतील तर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी स्पष्ट लिहा की मुदत अमुक तारखेला संपली आहे.

डिपॉझिट शेवटच्या भाड्यात वळतं करणं

"काका, शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून कापा." हे ऐकायला सोपं वाटतं म्हणून आपण मान डोलावतो. मग घर रिकामं झाल्यावर गिझर बंद, सिंकखाली ओल, महावितरणचं थकलेलं बिल, आणि हातात शून्य. मीटर तुमच्या नावावर असल्याने थकबाकी तुमच्याच दारात येते. घर देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, मीटरचं रीडिंग आणि पंखे-दिवे-नळांची यादी कराराला जोडा, आणि डिपॉझिट बँकेतूनच घ्या. उरलेलं डिपॉझिट मात्र किल्ली घेताना लगेच परत करा. ते भाडेकरूचे पैसे आहेत, रंगाच्या नावाखाली महिनोन्‌महिने दाबून ठेवणं चूक आहे.

पोलीस, सोसायटी, महापालिका

भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन देता येते. अनेक शहरांत पोलीस आयुक्तांच्या आदेशाने ती बंधनकारक असते, आणि न दिल्यास गुन्हा घरमालकावर दाखल होतो. त्याची पावती जपून ठेवा.

सोसायटीला आठ दिवस आधी कराराच्या प्रतीसह लेखी कळवायचं. परवानगीसाठी हात जोडायची गरज आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, नाही. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते ना-वापर शुल्कही मनमानी लावता येत नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि महापालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. सेवा शुल्क २,००० असेल तर २०० रुपये, बस. विवाहित मुलगी किंवा नातवंडं राहत असतील तर ते लागतच नाही. माझी मुलगी राहायला आल्यावर आमच्या सोसायटीला मी हा आदेशच वाचून दाखवला.

पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. घर भाड्याने दिलं की ती लागू राहत नाही. लपवाल तर पुढे फरक थकबाकी म्हणून बिलात येतो.

भाड्यातून हप्ता फिटेल, हा हिशेब

६० लाखांच्या फ्लॅटला १८,००० भाडं म्हणजे वर्षाला २,१६,०००, ३.६ टक्के. त्यातून मेंटेनन्स ३०,०००, मिळकतकर १२,०००, एक महिना घर रिकामं १८,०००, एजंटची दलाली १८,०००, रंग-दुरुस्ती १५,००० वजा करा. उरतात १,२३,०००, म्हणजे जेमतेम दोन टक्के. ४५ लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलंत तर महिन्याचा हप्ता ३९ हजारांच्या वर. उरलेला भार पगारातून पेलणार असाल तरच दुसरं घर घ्या. प्राप्तिकरात भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. मिळकतकराची वजावट मात्र त्या वर्षी खरोखर भरला असेल तरच.

परदेशात राहणाऱ्या घरमालकांसाठी एक गोष्ट. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, भाडेकरूने ३० टक्के आणि वर सेस (करावरचा उपकर) इतका टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापायचा प्राप्तिकर, कापून भरायचा असतो. आयटीतल्या भाडेकरूलाही हे बहुधा माहीत नसतं, आणि नोटीस आली की तो बिचारा घाबरून फोन करतो. म्हणून करारात ते स्पष्ट लिहा, आणि तुमचं एकूण उत्पन्न कमी असेल तर कमी दराच्या कपातीचा दाखला करार सुरू होण्याआधीच काढून त्याच्या हाती द्या.