अबोल पेटीशिक्षकांचा स्मृतिलेख कसा लिहावा

महाविद्यालयात आयुष्यभर पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकवूनही स्वतःविषयी चकार शब्द न काढणारे शिक्षक खानदेशात अनेकांना लाभले. असे सर गेल्यानंतर त्यांच्यावर लिहायचे ठरले की ‘शांत’, ‘ऋषितुल्य’, ‘प्रसिद्धिपराङ्मुख’ अशी विशेषणे आपोआप सुचतात. ती सरळ बाजूला ठेवावीत, कारण ती कोणालाही लागू पडतात. अबोल गुरूचे मोठेपण शिष्यांच्या बोटांत उतरलेले असते आणि लेखाची खरी सामग्री तेथेच सापडते.

म्हणून शिष्यांना भेटताना “सर कसे होते?” असे विचारू नये. “तुमचे बोट कोठे अडत असे आणि सर तेव्हा काय करीत?” असे विचारावे, आणि शक्यतो समोर पेटी ठेवूनच विचारावे. वाजवता वाजवता माणसाला नेमके आठवते: सरांनी न बोलता अंगठा उचलून तर्जनीखालून पुढच्या पट्टीवर नेऊन ठेवला, किंवा भात्यावरचा हात हलकेच दाबून सूर किती जोराने भरायचा ते दाखवले. असा एक तपशील पानभर गौरवापेक्षा मोलाचा आहे. सांगणारा अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत बोलत असेल तर त्याचे शब्द प्रमाण भाषेत घासूनपुसून घेऊ नयेत. आसोद्याच्या बहिणाबाईंच्या ओव्या पुत्र सोपानदेवांनी आणि आप्तांनी त्यांच्या बोलीतच टिपून ठेवल्या, म्हणून त्या आज त्यांच्याच आवाजात आपल्यापर्यंत पोहोचतात.

सरांची वही मिळाली तर ती टंकलिखित करण्याआधी प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. भातखंडे यांच्या स्वरलेखन पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी स्वराखाली आणि तारसप्तकासाठी स्वरावर बिंदू असतो. टंकताना गंधाराखालची रेघ गळाली तर बागेश्री रागाचा कोमल गंधार शुद्ध होऊन बंदिश रागेश्री या वेगळ्या रागाकडे झुकते, आणि तो दोष वाचक सरांच्या माथी मारतो. विष्णु दिगंबर पलुस्करांची स्वरलिपी वेगळी आहे, त्यामुळे वही कोणत्या पद्धतीतली आहे हे आरंभीच नोंदवावे.

जुन्या कॅसेटी घरात असतातच. वाजवण्यापूर्वी त्यांच्या मागच्या कडेचे दोन्ही छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाकावेत, म्हणजे चुकून वर ध्वनिमुद्रण होणार नाही. फितीवर पांढरट बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नये, जाणकाराकडे द्यावी. संगणकावर उतरवताना किमान 48 किलोहर्ट्झ, 24 बिट दर्जाची मूळ प्रत जपून ठेवावी. एमपी३ प्रत फक्त वाटण्यासाठी. त्या ध्वनिमुद्रणात सर बहुधा गायकामागे वाजवत असतील. तेव्हा गायकाने एखादी जागा, म्हणजे नाजूक सुरावट, घेतल्यावर सरांनी ती कितपत उचलली आणि कोठे मुद्दाम हात आखडला, हे ऐकून लिहावे. साथीतला संयम हा त्यांच्या स्वभावाचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा असतो.

सनावळीसाठी महाविद्यालयाची वार्षिक नियतकालिके आणि कार्यक्रमपत्रिका चाळाव्यात. जळगावचे विद्यापीठ 1990 मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वी येथील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती, आणि बहिणाबाईंचे नाव विद्यापीठाला 2018 मध्ये मिळाले. ज्या काळाची हकीकत असेल त्या काळचेच नाव लिहावे. जुन्या पिढीतल्या सरांचे आकाशवाणीवर वादन झालेले नसेल, तर ती उणीव समजू नये: 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती आणि पुढेही ती टप्प्याटप्प्यानेच सैल झाली.

शेवटी, जे सरांनी हयातीत झाकून ठेवले ते उघड करण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हे प्रत्येक घरगुती प्रसंगापाशी थांबून पाहावे. मसुदा छापण्याआधी कुटुंबीयांना पूर्ण वाचून दाखवावा, त्यांनी नको म्हटलेला मजकूर वाद न घालता काढावा, आणि वहीची छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे यांची एक प्रत त्यांच्याकडे, दुसरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे रीतसर पोच घेऊन सुपूर्द करावी.