लाकडी जमीन घासायला घेण्याआधी

गिरगाव, गावदेवी, माझगावच्या जुन्या इमारतींत अजून लाकडी जमिनी आहेत. सागवानी तुळया, त्यांवर आडव्या कड्या (बारीक वासे), कड्यांवर ठोकलेल्या फळ्या. वर कुठे कोबा, कुठे नुसतं लिनोलियम. ते लिनोलियम उचललं आणि खालचा साग दिसला की माणूस त्याच संध्याकाळी घासायचं मशीन शोधायला लागतो. पण अशा घरात आपली जमीन म्हणजे खालच्या बिऱ्हाडाची तक्तपोशी, म्हणजे त्यांचं छत. आपला भुसा फटींतून त्यांच्या ताटात पडणार, आपलं पॉलिश त्यांच्या गादीवर ठिबकणार. म्हणून घासण्याआधीच्या कामांच्या यादीची सुरुवात खालच्या काकूंपासून करा. कुठल्या दिवशी घासणार, कुठल्या दिवशी वास येणार, हे आधी सांगा. दुपारी दोन ते चार मशीन बंद ठेवायचं कबूल करा. घरात कोणाची परीक्षा किंवा कोणाला दमा आहे का ते विचारा. त्यांच्या पलंगावर घालायला प्लॅस्टिकही आपणच न्यावं.

तिथे गेलाच आहात तर मान वर करून बघा. तुळई बाकली आहे का, भिंतीत शिरते तिथे ओल आहे का, वाळवीच्या मातीच्या नळ्या चढल्या आहेत का, हे खालूनच नीट दिसतं. मग वर येऊन मोरीच्या आणि खिडकीच्या बाजूच्या फळ्यांत स्क्रूड्रायव्हर टोचा. चांगला साग टोक आत घेत नाही. टोक सहज रुतलं, तर पॉलिशचा विषय तिथेच थांबवा आणि आधी जाणकार सुतार, नाहीतर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट मुंबईत कायद्यानेच लागतं. झालं असेल तर अहवाल मागून वाचा. फळ्या घासून पॉलिश करणं वेगळं आणि कडी-तुळईला हात लावणं वेगळं. ते दुसरं काम मालकाला, आणि इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला विचारल्याशिवाय काढू नका.

नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी आधी एक खात्री करावी. उंबऱ्याची पट्टी काढून फळीची कड बघा. वरपासून खालपर्यंत एकच लाकूड असेल तर ठीक. वर पातळ साल आणि खाली प्लाय असेल तर फार तर हाताने हलकं घासता येईल. लॅमिनेट असेल तर वरची लाकडाची नक्षी कागदावर छापलेली असते. घासली की गेली. हे लिखाण मग तुमच्यासाठी नाही.

आता मुहूर्त. दिवाळीआधी घर चकाचक करायची आपल्याला सवय, पण लाकडाच्या दृष्टीने ती वेळ चुकीची. मुंबईतून पाऊस ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास निघतो आणि फळ्या तेव्हा चार महिन्यांची दमट हवा पिऊन फुगलेल्या असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. फक्त तेव्हा फटी रुंदावलेल्या दिसतात आणि त्या लांबी (पुट्टी) भरून गच्च बुजवायचा मोह होतो. तो आवरा. जूनमध्ये फळी पुन्हा फुगते, आणि एकतर लांबी उखडून वर येते, नाहीतर फळ्या एकमेकींना रेटून कडा उचलतात. बारीक फटी तशाच राहू द्या. रुंद फटींत सुती दोरी दाबून बसवा. ती फळीबरोबर दबते आणि पॉलिश खाली ठिबकायचंही बरंच थांबतं. लांबी फक्त खिळ्यांच्या भोकांत आणि खाचांत भरायची, तीही त्याच जमिनीचा बारीक भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून केलेली.

जमिनीवर जुना तेलरंग असेल तर मशीन दूरच ठेवा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरमध्ये लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना सगळ्यात जास्त बाधते. असा रंग रिमूव्हर लावून ओला असतानाच खरवडायचा. जुन्या लिनोलियमखालच्या काळ्या डिंकाचंही तेच, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं घासायचं नाही, आणि थर मोठा असेल तर स्वतः हातच घालायचा नाही.

मशीनबद्दल माझं मत ठाम आहे. एका खोलीसाठी ड्रमचं मोठं मशीन आणू नये. ते लाकडी जिन्यावरून चढवताना दोन माणसं दमतात, चालू असताना क्षणभर एका जागी थांबलं तरी फळीत खड्डा पाडतं, आणि जुन्या वायरिंगवर त्याचा भार नको. पाच इंची ऑर्बिटल सँडर, कोपऱ्यांसाठी हातस्क्रॅपर आणि भरपूर वेळ, एवढं पुरतं. नागदेवी स्ट्रीटला हे सगळं मिळतं. काचपेपर 40, 60, 80 आणि 120 नंबरचे घ्या, 40 चे सगळ्यात जास्त, कारण जुनं पॉलिश त्यांना लगेच बुजवून टाकतं. मधला नंबर गाळू नका; 40 चे ओरखडे 120 ने निघत नाहीत, आणि ते दिसतात पॉलिश चढल्यावरच. घासायच्या आधी प्रत्येक खिळ्याचं डोकं पंचने दोन-तीन मिलिमीटर खाली बसवायला हवं. वर राहिलं तर पेपर फाटतो आणि ठिणगी थेट भुशाच्या पिशवीत जाते. एन-95 मास्कशिवाय सुरू करू नका, लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते.

वर काय लावायचं ते आधी ठरवा. लाख-स्पिरिटचं फ्रेंच पॉलिश कपाटावर शोभतं. जमिनीवर पाणी सांडलं की त्यावर पांढरा डाग उठतो. मी जमिनीसाठीचं पीयू (पॉलियुरेथेनचं वॉर्निश) घेईन. दुकानात तसं स्पष्ट सांगा, कारण फर्निचरचं पीयू वेगळं असतं. एका लिटरमध्ये एक हात, म्हणजे एक थर, साधारण 10 चौरस मीटर होतो, म्हणजे दहा बाय पंधराच्या खोलीला तीन हातांसाठी चार लिटरच्या आसपास लागेल. साग तेलकट लाकूड आहे, म्हणून पहिल्या हाताच्या अगदी आधी फळ्या थिनरने पुसून घ्याव्या लागतात. त्या फडक्यांचा हिशेबही धरा. आणि कपाटाखालच्या कोपऱ्यात छोट्याशा जागेवर सगळा क्रम एकदा करून बघा, मगच पूर्ण डबे आणा.

खोली रिकामी करताना कपाटं हलवणं सोपं, देव हलवणं कठीण. पण थिनर आणि पीयूच्या वाफेजवळ समई, निरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल काहीच चालत नाही. देव्हारा तेवढे दिवस शेजारी किंवा नातेवाइकांकडे ठेवा, गॅसचा रेग्युलेटर बंद करा, फ्रिजचा प्लग काढा. झोपायची सोयही दुसरीकडे हवी. तेलाच्या पीयूच्या दोन हातांमध्ये बहुधा एक दिवस जातो. डब्यावर लिहिलेली वेळ पाळा आणि शेवटच्या हातानंतर जड सामान आठवडाभर आणू नका. चटई-सतरंजी तर महिनाभर नकोच.

शेवटी एक झाकणाचा पत्र्याचा डबा, अर्धा पाण्याने भरलेला, गॅलरीत ठेवून द्या. बेलतेल (जवसाचं तेल) किंवा तेलाचं पीयू पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. प्रत्येक फडकं वापरून झालं की लगेच त्या डब्यात.