ज्युपिटर लॅबमध्ये सेलमधूनच नोटबुक सेव्ह करणं

ज्युपिटर लॅब म्हणजे ब्राउझरमध्ये ‘सेल’ नावाच्या चौकटींत कोड लिहून चालवायची सोय; त्या सेलची फाइल म्हणजे नोटबुक. कोडमधूनच ती सेव्ह करायचा जुन्या क्लासिक नोटबुकमधला जावास्क्रिप्टचा एका ओळीचा जुगाड लॅबमध्ये टाकला की ‘ज्युपिटर डिफाइन्ड नाही’ असा एरर येतो. तो ग्लोबल ऑब्जेक्ट लॅबमध्ये नाहीच. नोटबुक ७ (क्लासिक नोटबुकची नवी आवृत्ती) लॅबच्याच पायावर उभं आहे, त्यामुळे तिथेही तेच.

मी ‘आयपायलॅब’ (पायथनमधून लॅबला कमांड देणारं पॅकेज) इन्स्टॉल केलं, पान रिफ्रेश केलं, एका सेलमध्ये फ्रंटएंडचा (ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या लॅबचा) ऑब्जेक्ट बनवला आणि पुढच्या सेलमधून ‘डॉकमॅनेजर:सेव्ह’ ही कमांड दिली. झालं सेव्ह. पण लगेच खाली एनबीकन्व्हर्ट (नोटबुकचं एचटीएमएल करणारं साधन) चालवलं तर एचटीएमएल जुनंच! कारण सेव्ह कर्नल (कोड चालवणारा प्रोग्रॅम) करत नाही, ब्राउझर करतो. कमांड नुसता निरोप देऊन मोकळी होते. म्हणून आधी फाइलची एमटाइम (शेवटच्या बदलाची वेळ) टिपून ठेवायची, कमांड द्यायची, मग दर अर्ध्या सेकंदाला तपासत एमटाइम बदलेपर्यंत थांबायचं. लूपला ३० सेकंदांची मर्यादा हवीच: टॅब बंद असेल तर निरोप घ्यायला कुणीच नसतं.

फाइलचं नाव बदलायला मात्र पायथनचं ओएस-रिनेम नको. उघड्या टॅबला जुनाच पाथ ठाऊक असतो आणि ऑटोसेव्ह मुळात दर १२० सेकंदांनी चालतो, म्हणजे गोंधळ ठरलेला. सेव्ह झाल्यावर शटिल-कॉपीने नव्या नावाची प्रत काढणं बरं.