इव्हेंट-ट्रिगर्ड कंट्रोल घेताय? सिम्युलेशनआधी कागद-पेन काढा

पुण्यात कंट्रोलमध्ये एमटेक किंवा पीएचडी करणाऱ्या ज्युनिअरांचा प्रश्न ठरलेला: "दादा, सिम्युलिंक सॉफ्टवेअरमध्ये चाललं, आता पेपर लिहू?" माझा उलटा प्रश्नही ठरलेला: दोन ट्रिगरांमधला, म्हणजे संदेश पाठवण्याच्या दोन क्षणांमधला, किमान वेळ काढलास का?

नेहमीचा डिजिटल कंट्रोलर गरज असो-नसो, ठरावीक वेळाने सेन्सरचं माप मागवतो. इव्हेंट-ट्रिगर्ड कंट्रोलमध्ये शेवटचं पाठवलेलं माप आणि आत्ताची स्थिती यांत पुरेसा फरक पडला तरच नेटवर्कवर संदेश जातो. आस्ट्रॉम आणि बर्नहार्डसन या संशोधकांनी १९९९ मध्ये साध्या इंटिग्रेटरवर (इनपुट साठवत जाणाऱ्या सिस्टिमवर) दाखवलं की सरासरी तेवढेच संदेश पाठवून व्हेरिअन्स (स्थितीच्या चढउताराचं माप) एक-तृतीयांशावर येतो. नॉनलिनिअर सिस्टिमसाठी सुरुवात ताबुआदा या संशोधकाच्या २००७ च्या पेपरने करा. ल्यापुनोव्ह (स्थिरता सिद्ध करण्याची पद्धत) कच्चा असेल तर तो पेपर दुसऱ्याच पानावर सोडून द्याल, तेव्हा आधी तो पक्का करा.

त्या पेपरातला नियम सोपा आहे: त्रुटी, म्हणजे वरचा फरक, स्थितीच्या ठरावीक पटीपुढे गेली की पाठवा. पण स्थिती शून्याजवळ आली की मर्यादाही शून्याकडे जाते. त्यात बाहेरून थोडा जरी धक्का बसत राहिला तर ट्रिगर एकमेकांना खेटून येऊ लागतात. टोकाला गेलं तर मर्यादित वेळात अनंत ट्रिगर, म्हणजे झीनो. सिम्युलेशनमध्ये हे दिसतच नाही. सिम्युलेशनची वेळेची स्टेप १ मिलिसेकंदाची ठेवली की त्याहून जवळ दोन ट्रिगर येणार कसे? स्टेप १० पट लहान करून बघा. ट्रिगरही त्याच प्रमाणात वाढले, तर काहीतरी शिजतंय. मर्यादेत छोटा स्थिरांक मिळवला की सुटका होते, मात्र मग स्थिती शून्यावर न जाता त्याच्या आसपास घुटमळते. हे थिसिसमध्ये उघड लिहा, परीक्षक विचारतातच.

नोकरीचं बोलायचं तर चाकण पट्ट्यातल्या एका इंटरव्ह्यूत मला विचारलं होतं, "सरासरी ट्रॅफिक कमी केलंत, पण गाडी खड्ड्यात आपटली की सगळे लूप एकदमच पाठवणार ना?" पुणेकराला खड्डा समजावून सांगावा लागत नाही. कॅन बसवर (गाडीतल्या कंट्रोलरांना जोडणाऱ्या नेटवर्कवर) ज्याचा आयडी लहान तो संदेश आधी जातो, बाकीचे ताटकळतात. म्हणून सरासरीच्या आकड्यासोबत सर्वांत वाईट उशीर किती, आणि तेवढ्या उशिरातही लूप स्थिर राहतो का, हे काढून ठेवा. सरासरी कोणीही सांगतं.